साखर हलली नाही, तरी शोध लागला

मधुमेहाच्या संशोधनातले किस्से निघाले की टोरांटोतली १९२१ सालची नाणेफेक हमखास सांगितली जाते. इन्शुलिनच्या शोधात गुंतलेल्या बँटिंग यांच्या हाताखाली आधी कोणी काम करायचं, हे म्हणे चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल या विद्यार्थ्यांनी नाणं उडवून ठरवलं. बेस्ट जिंकले आणि इन्शुलिनच्या इतिहासात गेले. नोबल घराण्याची पाळी आली ती १९५२ मध्ये.

त्या वर्षी जमैकाहून डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे एक पाकीट आलं. आत पंचवीसेक पानं. तिकडचे लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. पानं होती आपल्या अंगणातल्या सदाफुलीची. क्लार्कनी ती धाकट्या भावाकडे, रॉबर्टकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात धाडली. इन्शुलिन शुद्ध करणारे जेम्स कॉलिप तिथेच होते.

रॉबर्टनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. साखर जागची हलली नाही. शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचं, आकडा लिहायचा, तो उतरला नाही की पुढची वनस्पती घ्यायची, हा आम्हा औषधशास्त्रवाल्यांचा रिवाज. रॉबर्टनी मात्र तोच अर्क टोचून पाहिला. आठवड्याभरात उंदीर दगावू लागले. शवविच्छेदनात ठिकठिकाणी गळवं निघाली, स्यूडोमोनास जंतूंची. एरवी निरोगी उंदीर या जंतूंना दाद देत नाहीत. मग हेच का बळी पडले? रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार घटलेल्या, अस्थिमज्जा मंदावलेली. आणि ल्युकेमियात तर पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात! संशोधनाची दिशा तिथेच बदलली.

१९५४ मध्ये रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर येऊन मिळाले. त्यांनी पानांतून पांढऱ्या पेशी घटवणारं द्रव्य, विनब्लास्टिन, वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये ते जगापुढे आलं. इलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोदा स्वतंत्रपणे याच झाडावर काम करत होते. त्यांच्या गटाने पुढे विनक्रिस्टिन दिलं. लहान मुलांच्या ल्युकेमियावर ते आजही वापरतात. दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत.

वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे: आकडा लिहून झाला की पिंजऱ्यातल्या जनावराकडेही नीट बघा. आणि साखरेसाठी सकाळी सदाफुलीची पानं चावणाऱ्यांना कळकळीची विनंती, हे आजच थांबवा. त्या पानांत पेशी मारणारी द्रव्यं आहेत; ती किती आणि कशी द्यायची, हे कर्करोगतज्ज्ञांवरच सोडा.