प्रश्नचिन्हाची रिकामी जागा

चिंचपोकळीचा चिंतामणी १९२०चा, लालबागचा राजा १९३४चा. त्यामुळे करी रोड स्टेशनाबाहेर पडणाऱ्या माणसाला वर्गणीचं पावतीपुस्तक म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. ‘श्री. ........ यांजकडून रुपये ........’ हा मजकूर छापखान्यातच पक्का झालेला. कार्यकर्ता फक्त ठिपक्यांवर लिहितो. कुणी खोडसाळपणे नावाच्या जागी ‘पावती रद्द’ लिहून घेतलं, तरी ते नावच ठरतं. पावती काही रद्द होत नाही.

पायथॉनमधून एसक्यूलाइट या डेटाबेसला क्वेरी पाठवताना ठिपक्यांचं हे काम प्रश्नचिन्ह करतं. एसक्यूलाइट आधी प्रश्नचिन्हासकट क्वेरी वाचून तिचा अर्थ पक्का करतं. व्हॅल्यू नंतर येते, आणि तिला तो अर्थ बदलता येत नाही. एफ-स्ट्रिंगनं नाव थेट क्वेरीत चिकटवलं की ही सोय गेली. वर्गणीदारांत माझगावचे कुणी डिसोझा निघाले, तर त्यांच्या रोमन लिपीतल्या आडनावातला अपॉस्ट्रॉफी डेटाबेसला अवतरण मिटल्याची खूण वाटतो. नाव ‘डी’पाशी संपतं, उरलेला ‘सोझा’ आज्ञेचा भाग म्हणून वाचला जातो. बहुतेकदा नुसती एरर येते. पण त्याच फटीतून कुणी खरीखुरी आज्ञा सरकवली, तर अख्खी यादी बाहेर जाते. डिसेंबर १९९८मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात ही युक्ती छापून आली, तरी ती अजून चालते. काही फॉर्म यावर उपाय म्हणून अपॉस्ट्रॉफीच नाकारतात. प्रोग्रॅमरच्या आळसापायी माणसानं आडनाव का बदलावं?

प्रश्नचिन्ह घातलं म्हणजे सुटलो, असंही नाही. व्हॅल्यूच्या कंसात नुसतं ‘करी रोड’ लिहून दिलं की पायथॉन कुरकुरतं: व्हॅल्यू हवी एक, दिल्या सात. सात कुठून आल्या? क, र, वेलांटी, मधली मोकळी जागा, र, ओकार, ड. नुसत्या कंसानं टपल, म्हणजे व्हॅल्यूंचा संच, होत नाही, स्वल्पविरामानं होतो. तो नसल्यामुळे स्ट्रिंगचं एकेक अक्षरचिन्ह वेगळी व्हॅल्यू म्हणून मोजलं गेलं. ‘करी रोड’नंतर, कंस मिटण्याआधी, एक स्वल्पविराम टाकला की काम होतं.

पायथॉन-डेटाबेस जोडणीच्या १९९९च्या मानकानं, पेप २४९नं, रिकामी जागा दाखवण्याच्या पाच पद्धती मान्य केल्या; प्रश्नचिन्ह त्यांतली एक. पोस्टग्रेससाठीच्या सायकोपीजीत टक्का-एस लिहितात, आणि मला तीच पद्धत सर्वांत फसवी वाटते. पायथॉनच्या जुन्या स्ट्रिंग फॉरमॅटिंगचंही चिन्ह तेच. क्वेरी आणि टपल यांच्यामध्ये स्वल्पविरामाऐवजी चुकून टक्का पडला, की पुन्हा चिकटवाचिकटवी सुरू, आणि साध्या आकड्याला ती खपूनही जाते.

टेबलाचं किंवा कॉलमचं नाव मात्र या रिकाम्या जागेत बसत नाही. ते आपल्याच ठरलेल्या यादीशी ताडून मग क्वेरीत घालायचं. ‘लाइक’ वापरून शोधताना टक्क्याची चिन्हं व्हॅल्यूत जोडायची. प्रश्नचिन्हाभोवती अवतरणं घातली तर ते साधं अक्षर होऊन बसतं, आणि तक्रार उलटी येते: हव्यात शून्य, दिली एक.