सरकीतील तेलाचे विसरणमापन
विद्रावक निष्कर्षणात घन पदार्थातील तेल विद्रावकात विरघळून बाहेर येण्याच्या वेगाचे मापन. यवतमाळ या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात रुई काढल्यावर सरकी उरते. तिच्यात सु. १८–२०% तेल असते. दाबयंत्रातून निघालेल्या पेंडीत सु. ६–७% तेल राहते. हेक्झेन या विद्रावकाने ते १ टक्क्याखाली आणता येते.

मापनासाठी सरकीचे ठराविक जाडीचे पापुद्रे स्थिर तापमानाच्या हेक्झेनमध्ये ठेवून वेळोवेळी शेष तेल मोजतात. शेष तेलाच्या लॉगरिथमाचा कालाशी आलेख काढल्यास त्याच्या सरळ भागाच्या उतारावरून विसरण गुणांक मिळतो. आडोल्फ फिक यांच्या नियमानुसार (१८५५) लागणारा काल जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केल्यास तो एक-चतुर्थांश होतो. मात्र अतिपातळ पापुद्र्यांचा चुरा होऊन विद्रावकाचा प्रवाह अडतो. म्हणून योग्य जाडी मापनानेच ठरवावी लागते.