डिझेल सांडलेली माती कापडी पिशवीत भरू नका

1 फेब्रुवारी 2024 रोजी सिडको उड्डाणपुलाजवळ एलपीजीचा टँकर दुभाजकाला धडकून गळू लागला, तो दिवस छत्रपती संभाजीनगरकर विसरलेले नाहीत. जालना रोड बंद, परिसरातली वीज बंद, अग्निशमन दलाचा तासन्‌तास पाण्याचा मारा. शेवटी गॅस हवेत विरला, मातीत मागे काही राहिलं नाही. डिझेलचा टँकर उलटला तर असं होत नाही. डिझेल सहजी उडून जात नाही. बरंचसं खाली मुरतं.

‘आपली काळी माती चिकट, तेल वरच राहतं, वीतभर खरवडली की झालं,’ असं सर्रास ऐकू येतं. पावसाळ्यात फुगलेल्या जमिनीबद्दल ते थोडंफार खरंही आहे. पण वैशाखात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याखाली मुरूम, मुरमाखाली चिरा पडलेला बेसाल्ट. तेल वाट काढत भूजलापर्यंत पोचतं आणि हलकं असल्याने पाण्यावर तरंगत पुढे सरकतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात जिथे जमिनीखालून नहरी आणल्या, त्या शहराला भूगर्भातलं पाणी वाहतं हे नव्याने सांगायला नको. चेन्नईत तोंडियारपेटला 2013 मध्ये पाइपलाइन गळली, तेव्हा लोकांना ते कळलं बोअरच्या पाण्यातून.

सर्वात महागात पडणारा गैरसमज नमुन्याचा. शेताचा नमुना कसा घ्यायचा हे आपल्याकडे बहुतेकांना पाठ आहे: आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचा खड्डा, माती घमेल्यात कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली अर्धा किलो सावलीत वाळवून कापडी पिशवीत. खतासाठी ही पद्धत अगदी बरोबर. इंधनासाठी यातली जवळजवळ प्रत्येक पायरी घातक. कालवताना आणि वाळवताना बेंझिन, टोल्युइनसारखे हलके घटक उडून जातात, म्हणजे जे शोधायचं तेच आपण वाऱ्यावर सोडतो. प्लास्टिकच्या पिशवीतूनही त्यांची वाफ निसटते.

इथे हवी घट्ट झाकणाची काचेची बरणी, काठोकाठ भरलेली, आत हवेला जागा नको. माती न कालवता, वेगवेगळ्या खोलीवरून वेगवेगळी घ्यायची. दर वेळी खुरपं धुवायचं, हातमोजे बदलायचे. बांधापलीकडची स्वच्छ मातीही एक बरणीभर घ्यायची, नाहीतर तुलना कशाशी करणार? बरणीवर जागा, खोली, तारीख, वेळ लिहून ती बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि 48 तासांच्या आत प्रयोगशाळेत द्यायची.

‘मृदा आरोग्य पत्रिका चांगली आली, म्हणजे माती शुद्ध,’ हेही चूक. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश असतं; डिझेलचा रकानाच नाही. गंमत म्हणजे डिझेल हा कार्बनचाच साठा, त्यामुळे सेंद्रिय कर्ब उलट जास्त दिसू शकतो! इंधनासाठी गॅस क्रोमॅटोग्राफवर एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि बेंझिन गटाची चाचणी मागावी लागते. प्रयोगशाळेला या चाचण्यांसाठी एनएबीएल मान्यता आहे का, हे आधीच विचारा. जागा जुन्या पंपाची असेल तर शिसंही तपासून घ्या. देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं 2000 साली. त्याआधीचं शिसं मातीतून आपोआप जात नाही.

आणि वास. वास गेला म्हणजे हलका भाग उडाला, इतकंच. जड भाग तिथेच असतो. बरणीला नाक लावून खात्री करणारे महाभाग भेटतात. बेंझिनने कर्करोग होतो, तेव्हा हे धाडस नको.

केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. तेव्हा इंधन सांडलं असेल तर मुरूम टाकून झाकू नका. जिल्हा प्रशासनाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या, आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल येईपर्यंत ते गुरांनाही पाजू नका.