चार मित्र, एक क्रूझर आणि आलापल्लीचे रान

अमेरिका-कॅनडात माणसे घरासारखी गाडी घेऊन प्रवासाला निघतात. आत पलंग, आत शेगडी, आतच संडास. पार अलास्काच्या रानापर्यंत जातात आणि महिना-महिना राहून येतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आम्ही पडलो कारकून. तसल्या गाडीचे भाडे ऐकूनच आमचे पोट भरले. मग गेल्या डिसेंबरात आम्ही चौघा मित्रांनी ओळखीची एक जुनी क्रूझर ठरवली. मागची बाके काढून सतरंज्या अंथरल्या. टपावर तांदूळ, डाळ, दोन पातेली, ताडपत्री आणि पाण्याच्या कॅन बांधल्या. झाले आमचे चाकावरचे घर! बी. कॉम. झाल्याची शिक्षा म्हणून खर्चाची वही आमच्याकडे आली.

निमित्त मात्र गमतीचे नव्हते. आमच्यातला एक मित्र कोळसा खाणीतून नुकताच निवृत्त झाला. त्याचे वडील दरवर्षी दिवाळीनंतर आलापल्लीच्या जंगलात कूप तोडायला जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. १९७० च्या सुमारास एका वर्षी ते ताप घेऊनच परतले आणि चार दिवसांत गेले. मित्र तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यानंतर त्या बाजूला घरातले कोणी फिरकले नाही. मित्राच्या आईने आयुष्यभर ‘आलापल्ली’ हे नाव घरात घेऊ दिले नाही. ती गेल्यावर मित्र एवढेच म्हणाला, “एकदा मले ते रान पाह्यचं आहे.”

घरच्या बायकांनी अर्थातच विरोध केला. “वाघ आहे, डास आहे, अन् तुम्हाले जंगलात झोपायचा शौक आला!” त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ताडोब्यात तर स्वतःची गाडी घेऊन वाटेल तिथे फिरता येत नाही. प्रवेशद्वारावर परवाना, वाटाड्या, ठरलेली वेळ. १९५५ साली झालेले हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. पण वाघ काही उद्यानाच्या हद्दीत बसून राहत नाही. मूल-सावलीच्या पट्ट्यात शेतात गेलेली माणसे वाघाने मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा नियम पहिल्याच दिवशी ठरला. दिवस मावळायच्या आत गावात पोचायचे, पोलीस पाटलाला विचारून वस्तीतच गाडी लावायची, रानात चूल पेटवायची नाही. ताडोबा सोडून आम्ही मूलच्या रस्त्याने निघालो. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत हा सगळा चांदा जिल्ह्याचाच भाग होता. आजही जिल्ह्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे.

चामोर्शी, आष्टी करीत आलापल्ली गाठायला संध्याकाळ झाली. तिथे ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावली. सकाळी भामरागडच्या रस्त्याने सोळा-एक किलोमीटरवर ‘वनवैभव’ आहे. सहा हेक्टरांचा हा जंगलाचा तुकडा तोडीपासून मुद्दाम राखलेला. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. शंभरावर वर्षांचे सागवान. बुंध्याला दोघांनी मिठी मारली तरी हात पोचेनात. वर पाहता पाहता मान अवघडली. आमच्यातला मास्तर माहिती सांगू लागला, पण मित्र ऐकतच नव्हता. एका बुंध्यावर हात ठेवून तो उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “बाबानं तोडली ती झाडं कोणाच्या तरी घराच्या दारात बसली असतील. आपल्याले तं ही राहिलेलीच पाहा लागन.”

पुढे हेमलकसा. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे इथे माडियांवर उपचार करू लागले. त्या आधी या भागात ताप आलेल्या माणसाला दवाखाना म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मित्राने तारीख वाचली, बोटांवर वर्षे मोजली आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसला. आम्हीही बोललो नाही.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटायचा, हे इथल्या लोकांकडून ऐकावे. डिसेंबरात मात्र वाळू उघडी पडली होती. परतीच्या वाटेवर एका माडिया वस्तीत मुक्काम मागितला. पाटलाने गोटुलच्या अंगणाकडे बोट दाखवले. एका आजीने न विचारताच पाण्याचा गुंड आणून ठेवला. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. मास्तर हळूच म्हणाला, “आपल्या आज्याले कोण्या गावात असं रात्री पाणी भेटलं असतं?” त्या रात्री खिचडी खाली लागली, तरी सर्वांनी चाटूनपुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सिरोंचा रस्त्यावरून आत वळून कमलापूरचा हत्ती कॅम्प पाहिला. एके काळी जंगलातली लाकडे ओढायला ठेवलेले हे हत्ती. मित्राच्या वडिलांनी घरी येऊन सांगितलेली हत्तीची गोष्ट तेवढी त्याला आठवत होती. एका हत्तिणीला त्याने गूळ द्यायला काढला, तर माहुताने बाहेरचे काही खाऊ घालायला मनाई केली. गूळ आम्हीच खाल्ला.

एक चूक सांगायलाच हवी. मच्छरदाण्या आम्ही पाच नेल्या होत्या, पण आमचा ड्रायव्हर, तरुण पोरगा, “मले डास चावत नाही” म्हणत टपावर तसाच झोपायचा. दटावले, ऐकले नाही. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रोग्यांत गडचिरोलीचा वाटा फार मोठा असतो, आणि इथला एक प्रकार मेंदूपर्यंत जाऊन जीव घेतो. ताप चावल्याबरोबर येत नाही. आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून उशिरा येतो. घरी येऊन बाराव्या दिवशी पोराला हुडहुडी भरली. त्याच्या आईला वाटले, थंडी बाधली. तिने काढा दिला. कळताच खाणीतला मित्र रात्रीच त्याच्या घरी गेला, मोटरसायकलवर बसवून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला आणि डॉक्टरांना पहिले वाक्य सांगितले, “साहेब, हा गडचिरोलीच्या जंगलात झोपून आला आहे, रक्त तपासा.” मलेरियाच निघाला. त्याच रात्री औषध सुरू झाले.

आठ दिवसांनी पोरगा पुन्हा स्टिअरिंगवर बसला. मोटरसायकलच्या पेट्रोलचे पैसे वहीत लिहायला गेलो, तर मित्राने वही ओढून घेतली.