हार्ड डिस्कची पूर्वरूपे व प्रतिबंध

रुग्णपत्रके, औषधसाठा आणि फार्मसीतील प्रत्येक बॅचची उत्पादन-नोंद आज बहुतांशी संगणकात असते. पुण्यातील सी-डॅकने तर ‘आयुसॉफ्ट’ ही खास आयुर्वेदासाठीची संगणकप्रणाली विकसित केली. तथापि प्रणाली कोणतीही असो, माहिती साठते ती हार्ड डिस्कवर. आणि तिच्या स्वास्थ्याचा विचार आपण क्वचितच करतो.

स्थानसंश्रयावस्थेत पूर्वरूपे प्रकट होतात, हा सुश्रुतोक्त क्रियाकालाचा सिद्धान्त येथेही मार्गदर्शक ठरतो. फाइल उघडण्यास विलंब, संगणक मध्येच स्तब्ध होणे, वाचनदोषाचे संदेश ही डिस्कची पूर्वरूपे होत. डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची नोंदही ठेवते. तीत बदललेल्या वा प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असल्यास डिस्कचा पृष्ठभाग क्षीण होत आहे असे समजावे. केवळ ‘सीआरसी’ दोष वाढत असल्यास बहुधा केबल सदोष असते. प्रथम ती बदलावी. सॉलिड स्टेट ड्राइव्ह मात्र पुष्कळदा पूर्वसूचनेविना बंद पडते.

चिकित्सेपूर्वी साध्यासाध्यता पाहावी. वीज अचानक गेल्याने फाइलव्यवस्थेत उद्भवलेला दोष साध्य. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ने तो बहुधा दूर होतो. सदोष सेक्टर कष्टसाध्य. फॉरमॅट केल्याने झिजलेला पृष्ठभाग पूर्ववत होत नाही, म्हणून डिस्क बदलणेच श्रेयस्कर. डिस्कमधून सतत टकटक आवाज येत असल्यास संगणक तत्काळ बंद करून ती तज्ज्ञांकडे सोपवावी. घरगुती प्रयोग करू नयेत.

क्रम येथे अत्यंत महत्त्वाचा आहे. क्षीण डिस्कवर आधी ‘चेकडिस्क’ चालविणे म्हणजे हीनबल रुग्णास थेट शोधन देणे होय. संपूर्ण पृष्ठभाग वाचण्याचा ताण तिला सोसवत नाही आणि उरलेली माहितीही हातची जाते. म्हणून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी, नंतरच दुरुस्ती करावी.

अर्थात प्रतिबंध सर्वांत श्रेष्ठ. संगणकास यूपीएस जोडावा. माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, पैकी एक अन्य ठिकाणी ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे पुणेकर जाणतात. एकाच वास्तूतील दोन प्रती अशा प्रसंगी एकत्रच नष्ट होतात. महिन्यातून एकदा राखीव प्रत उघडून ती वाचता येते याची खात्रीही करावी.

नवी डिस्क बाजारात मिळते. आमवाताच्या रुग्णाची दहा वर्षांची नोंद मिळत नाही. सर्व वैद्यबंधु-भगिनींनी व फार्मसीचालकांनी राखीव प्रतीचे काम या आठवड्यातच हाती घ्यावे.