रकान्यातील आकडा आणि हिशेबातील संख्या

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मालेगाव तालुक्यात मेडशी हे गाव वसलेले आहे. २०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि इतर गावांप्रमाणेच येथील शेतकऱ्यांनाही आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवर करण्याची सोय झाली. अशा नोंदींत क्षेत्राचे आकडे भरावे लागतात. आकडा पडद्यावर उमटला म्हणजे संगणकाला संख्या मिळाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. संगणकाच्या हाती पडतात ती निव्वळ चिन्हे. त्यांची संख्या करण्याचे काम आज्ञावलीला वेगळे करावे लागते, आणि ते निष्काळजीपणे झाले तर कागदावरील जमीन कमी-जास्त होऊ शकते.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६. चिन्हाच्या क्रमांकातून ४८ वजा करून अंक काढण्याची जुनी रीत इंग्रजी पाचाला ५ हेच उत्तर देते; देवनागरी पाचाला मात्र २३६३! पायथन भाषेतील पूर्णांक-रूपांतर देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारते, जावास्क्रिप्टमधील 'पार्सइंट' ते ओळखत नाही. मराठी कळफलक वापरणाऱ्यांसाठी आज्ञावली लिहिताना हा भेद आधी ध्यानात घ्यावयास हवा.

याहून घातक आहे ते निमूटपणे केलेले अर्धवट वाचन. समजा, हेक्टर व आर यांचे रकाने स्वतंत्र आहेत आणि एखाद्याने पहिल्याच रकान्यात इंग्रजी अंकांत १.५० असे लिहिले. 'पार्सइंट' किंवा सी भाषेतील 'एटूआय' दशांशचिन्हापाशी थांबून केवळ १ घेते. पन्नास आर गळतात, आणि कोठेही सूचना उमटत नाही. 'एटूआय'ला अंकांऐवजी 'सोयाबीन' हा शब्द दिला तर ती शून्य परत करते. क्षेत्र खरोखरच शून्य आहे की रकाना चुकला, हे मागाहून उमगत नाही. त्यापेक्षा पायथनची पद्धत बरी: ती रूपांतर नाकारून चूक दाखवते. सी भाषेतही 'स्ट्रटोल' वापरल्यास वाचन कोठे थांबले ते तपासता येते. मात्र दशमान पाया स्पष्ट सांगावा. पाया शून्य दिल्यास ०८ मधील आरंभीच्या शून्यामुळे ती अष्टमान धरते आणि आठाऐवजी शून्य हाती येते.

म्हणून आधी कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात, देवनागरी अंक इंग्रजीत आणावेत आणि उरलेला मजकूर आरंभापासून अंतापर्यंत अंकांचाच आहे ना, हे पाहावे. रिकामा रकाना शून्य मानू नये. त्यानंतर मर्यादा तपासावी: आर ९९ च्या पुढे जाणार नाहीत. संशय आला तर अंदाज न बांधता रकाना भरणाऱ्याकडे परत पाठवावा. मर्यादेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठी असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. तेथे मजकूर नव्हता, पण एक मोठी दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात मावली नव्हती.

काही आकड्यांची संख्या करूच नये. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. सहा ते नऊने सुरू होणारा दहा अंकी मोबाईल क्रमांक त्यात बसत नाही. बँकेच्या खाते क्रमांकातील आरंभीची शून्ये संख्या होताच नाहीशी होतात. ११२/१अ असा गट क्रमांक तर पूर्णांक नाहीच. तो मजकूर म्हणूनच जतन करावयाचा असतो.