थेंबाचा दहावा भाग, फूटभर रस्ता

शंभर सीसीची साधी मोटारसायकल टॉप गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. इंजिन मिनिटाला साधारण पाच हजार फेरे घेतंय. फोर स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं, म्हणजे मिनिटाला अडीच हजार वेळा, सेकंदाला चाळीसच्या वर. आता ही गाडी लिटरला ७० चं ॲव्हरेज देते असं धरू आणि हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोल संपायला ८४ मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात सिलिंडरमध्ये दोन लाखांहून जास्त वेळा जाळ होईल. लिटरचे दोन लाख भाग केले तर एकेका भागाला पेट्रोल येतं किती? ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा जेमतेम दहावा हिस्सा, वजनाने साडेतीन मिलिग्रॅम. आणि तेवढ्यावर ती गाडी, वर बसलेल्या माणसासकट, फूटभर पुढे सरकते.

हा हिशेब मांडल्यापासून चालत्या गाडीचा आवाज मला वेगळाच ऐकू येतो. सलग वाटणारी ती फुरफुर प्रत्यक्षात दर फुटाला एक, अशा सुट्या स्फोटांची बनलेली असते. प्रत्येक स्फोटाला नव्याने मोजून पेट्रोल, नव्याने हवा, नव्याने ठिणगी. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या जवळपास पंधरापट हवा लागते. लिटरभर पेट्रोलला सुमारे अकरा किलो हवा, म्हणजे नऊ हजार लिटर. टाकीत दहा लिटर घेऊन निघालेली गाडी वाटेत नव्वद हजार लिटर हवा आत ओढते आणि बाहेर टाकते. जळणाचा हा सगळ्यात मोठा भाग आपण कधी विकत घेत नाही, कधी भरून नेत नाही.

आणि या सगळ्यातून रस्त्यावर पोचतं काय? ताशी ५० च्या वेगाला, सपाट रस्त्यावर, गाडीला अडवणारं बल ढोबळमानाने शंभर न्यूटनच्या आत असतं. दहा किलोचं पीठ उचलून धरायला लागतं तेवढंच. त्या वेगाला दोन हॉर्सपॉवरही पुरतात. पण लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे सव्वातीन कोटी ज्यूल ऊर्जा असते, आणि ७० किलोमीटर जायला चाकाशी लागतो तो तिचा जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीची सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जाते, सिलिंडरभोवतीच्या फिन्समधून वाऱ्यावर जाते, रिंगा, बेअरिंग, गिअर आणि चेन यांच्या घासण्यात जाते. ॲव्हरेज वाढवायचं म्हणजे या गळतीच्या जागा एकेक करून बुजवायच्या.

सगळ्यात मोठी गळती आपल्याकडे १९८५ साली बुजवली गेली. तोवर रस्त्यावर राज्य होतं ते टू स्ट्रोक गाड्यांचं. टू स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं. त्या गडबडीत काही ताजं पेट्रोल, कधी पाचवा हिस्सा तर कधी त्याहून जास्त, न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. हिरो होंडाची सीडी १०० आली ती ९७.२ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन घेऊन. तिच्यात आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारं वेगळी, त्यांवर व्हॉल्व्हचा पहारा. टाकी भरा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात अजून अनेकांच्या लक्षात असेल. त्या इंजिनाच्या पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि धाव ४९.५. हीच मापं पुढे स्प्लेंडरमध्ये गेली आणि पुढची कित्येक वर्षं टिकली. मला यात आळस दिसत नाही. इतकं बरोबर जमलेलं माप बदलायला कारण लागतं.

इंजिन लहान का, यातही एक सुंदर कारण आहे. ॲक्सिलरेटर थोडासाच पिळला की कार्बोरेटरची स्लाइड हवेची वाट अडवते. पिस्टनला तरी हवा ओढायचीच असते. शहाळ्याची नळी चिमटीत दाबून धरावी आणि पाणी ओढावं, तशी त्याची दमछाक होते. साडेतीनशे सीसीचं इंजिन ५० च्या वेगाला ही दमछाक फार करतं, कारण त्याच्या ताकदीचा मोठा भाग रिकामा बसलेला असतो. शंभर सीसीचं इंजिन त्याच वेगाला बऱ्यापैकी मोकळा श्वास घेत, अंग मोडून काम करतं. म्हणून इंजिन जितकं कामापुरतं, तितकं ते काटकसरी.

आता आत डोकावू. पिस्टन वर येतो, मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते. सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगच्या टोकाशी एक बारीक ज्योत तयार होते आणि ती सिलिंडरच्या दुसऱ्या भिंतीकडे चालत निघते. पाच हजार आरपीएमला इंजिनाचा एक फेरा १२ मिलिसेकंदांत संपतो, म्हणून ज्योतीच्या वाट्याला येतात जेमतेम दोन मिलिसेकंद. उशीर झाला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि दाब फुकट जातो. लवकर ठिणगी टाकावी तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ज्योत खाली रेटते. २००३ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग बसवले ते या अडचणीसाठी. दोन्हीकडून ज्योती निघतात, वाट निम्मी होते, कमी पेट्रोलचं पातळ मिश्रणही धडपणे जळतं.

हे जळणं डोळ्यांनी बघता येत नाही, पण त्याची खूण बघता येते. चांगला मेस्त्री प्लग खोलतो, तो उलटा धरतो आणि टोकाचा पांढरा चिनी मातीचा भाग कसा झालाय ते बघतो. विटकरी-तांबूस असेल तर मिश्रण बरोबर. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त येतंय. पांढराफटक पडला असेल तर कमी. मग कार्बोरेटर उघडून पितळी जेट बाहेर काढतो आणि उजेडाकडे धरतो. त्याचं भोक मिलिमीटरहून लहान असतं. गाडीचं सगळं अर्थशास्त्र त्या भोकातून जातं! एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ ची मानकं लागू झाली तेव्हा बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्टर आला. आता सायलेन्सरच्या पाइपमध्ये एक सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते गाडीतला संगणक ठरवतो. मेस्त्रीचा डोळा प्लगवर जे वाचायचा तेच हा सेन्सर वाचतो, फक्त गाडी चालू असताना आणि सारखं.

इथवरची गोष्ट इंजिनाच्या पोटातली. बाहेर मात्र एक असा विरोधक उभा आहे ज्याच्याकडे आपण फारसं बघत नाही. तो म्हणजे वारा. ताशी ३० ला टायरचा आणि हवेचा विरोध साधारण सारखा असतो. ५० ला हवा टायरच्या अडीचपट अडवते. ८० ला गाडीला दर किलोमीटरमागे ५० च्या दुप्पट ऊर्जा लागते, आणि तिच्यातला बहुतेक भाग नुसती हवा बाजूला सारण्यात जातो. मोटारसायकल अंगाने बारीक दिसते, पण हवेच्या दृष्टीने ती फार वाईट आकार आहे: चाकं, फोर्क, इंजिन, गुडघे, खांदे, फडफडणारा शर्ट. हवा फाटते आणि मागे भोवरे सोडते.

आकार सुधारला तर काय होतं ते जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९५६ मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दाखवलं. गुस्टाव्ह बाउमने आखलेल्या माशासारख्या कवचात चालक पाय पुढे पसरून जवळजवळ आडवा झोपायचा. लुनाएवढ्या ५० सीसी इंजिनाने ती गाडी ताशी १९० किलोमीटरच्या पुढे गेली. पण शर्यतींमध्ये पुढचं चाक झाकणाऱ्या कवचांवर १९५७ च्या हंगामानंतर बंदी आली, कारण आडवा वारा लागला की गाडी भरकटायची. रोजच्या गाड्यांनी शर्यतीच्या गाड्यांचंच रूप घेतलं, आणि हवेचा प्रश्न तसाच राहिला.

त्याच्या मागे पुन्हा हट्टाने लागला तो अमेरिकेचा डिझायनर क्रेग व्हेटर. मोटारसायकलला बसवायचं त्याचं विंडजॅमर फेअरिंग तिथे घरोघरी पोचलं होतं. १९८० ते १९८५ त्याने इंधन वाचवण्याच्या स्पर्धा भरवल्या. शेवटच्या वर्षी मात्सु मात्सुझावा याने होंडाच्या १२५ सीसी गाडीवर लांब कवच चढवून गॅलनला ४७० मैल काढले, म्हणजे लिटरला २०० किलोमीटर! आकडा ऐकून छाती भरून येते. पण व्हेटरला स्वतःला समाधान नव्हतं. त्या गाडीवर कोणी बाजारात जाणार नव्हतं. म्हणून पंचवीसेक वर्षांनी त्याने पुन्हा आव्हान मांडलं तेव्हा अट घातली की गाडीने ताशी ७० मैलांनी समोरच्या वाऱ्यात चालायला हवं, बसायला सुखाची हवी आणि किराण्याच्या चार पिशव्या तिच्यात मावायला हव्यात. मला या सगळ्या कथेत ही पिशव्यांची अट सर्वांत मोलाची वाटते. काटकसर करणारं यंत्र बनवणं एक वेळ सोपं. माणसाचा संसार वाहून काटकसर करणारं यंत्र बनवणं अवघड.

होंडाने हे १९५८ मध्येच ओळखलं होतं. त्यांच्या सुपर कब या गाडीचा क्लच आपोआप चालतो तो सोबा नूडल्स घरपोच देणाऱ्या पोराचा एक हात ट्रे धरायला मोकळा राहावा म्हणून. त्या गाडीचं उत्पादन २०१७ मध्ये दहा कोटींवर गेलं.

आपल्याकडची अट तर त्याहून कडक. इथल्या गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लागतात, मागे बायको आणि पुढे टाकीवर मूल बसतं, गॅसचा सिलिंडर आडवा बांधून नेला जातो, पावसाळ्यात खड्डे आणि उन्हाळ्यात ४२ अंश. या गाडीवर माशाचं कवच चढवता येत नाही. त्यामुळे आपल्या इंजिनिअरांना बचतीच्या जागा आतच शोधाव्या लागल्या. २०१४ मध्ये हिरोने स्प्लेंडरच्या एका मॉडेलला सिग्नलवर आपोआप बंद होणारं आणि क्लच दाबला की चालू होणारं इंजिन दिलं, ती अशीच एक जागा. चालवणाऱ्याच्या हातातल्या जागाही आहेत. टायरमध्ये हवा कमी असेल तर रबर दर फेऱ्याला जास्त चेपतं, उलगडतं आणि तापतं. ती ऊब पेट्रोलचीच असते. कोरडी, सैल चेनही तेच करते.

५ जुलै २०२४ ला बजाजने पुण्यात फ्रीडम १२५ आणली, सीएनजीवर चालणारी मोटारसायकल. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू, म्हणून तेवढीच ऊर्जा काढताना पेट्रोलपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी निघतो. प्रश्न होता जागेचा, कारण दाबून भरलेल्या वायूला जाड भिंतींचं नळकांडं लागतं आणि ते मोटारसायकलवर ठेवायचं कुठे? त्यांनी ते सीटखाली, नळ्यांच्या जाळीदार चौकटीच्या आत आडवं बसवलं. त्यात दोन किलो सीएनजी, पुढच्या छोट्या टाकीत दोन लिटर पेट्रोल, आणि हँडलवरच्या एका बटणाने चालत्या गाडीत एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. दोन्ही मिळून ३३० किलोमीटर जाईल, असं कंपनी सांगते. नळकांडं लांब असल्यामुळे त्यावरची सीटही लांब झाली, आणि मागच्या माणसाला ऐसपैस बसायला जागा मिळाली.